बकरी कोणत्या पानावर?

"आणि मॅडम, तो बकरीचा प्रसंग!" मी म्हणालो, आणि खोटं कशाला सांगू, बोलता बोलता अर्धा उभाच राहिलो. "तीन पोरं गुहेत अडकलेली, हातात एकुलता एक नकाशा, आणि कुठून तरी एक बकरी येते आणि तो नकाशाच खाऊन टाकते! किशोर कादंबरीत असा प्रसंग मी तरी आजवर वाचलेला नाही."

"कोणत्या पानावर?" गभणे मॅडमनी विचारलं.

"गुहेच्या प्रकरणात. मधेच कुठंतरी."

मॅडमनी आपली प्रत उघडली. कटरे सरांनी आपली उघडली. मी मोठ्या विश्वासाने माझी उघडली. मग तीन प्रौढ, शिकली-सवरलेली माणसं बराच वेळ एका बकरीच्या शोधात पानं उलटत बसली. बकरी सापडेना. मी प्रकरण पुढून पाहिलं, मागून पाहिलं. एखादं पान चिकटलं असेल म्हणून फुंकरही मारली.

शेवटी कटरे सर म्हणाले, "माझ्या प्रतीत तर नकाशा शेवटपर्यंत शाबूत आहे. शेवटच्या पानावर त्या तिघांतला एक मुलगा त्याची घडी करून खिशात ठेवतो."

"मग ती बकरी कोणाची?" मॅडमनी विचारलं.

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. माझी पुतणी प्राची पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मोठे बाबा, बकरी तर तुमची होती!"

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

आमगावात माझं बियाणं-खताचं दुकान आहे. रोवणीच्या दिवसांत मरायला फुरसत नसते, पण धान घरात आला की मी गल्ल्यावर बसून वाचत असतो. वाचताना मला गिऱ्हाईक दिसत नाही, ही तक्रार जुनी आहे. एकदा एक म्हातारा शेतकरी बराच वेळ समोर उभा राहून शेवटी म्हणाला, "भाऊ, युरिया देता का, का पुस्तकातला मानूस मरेवरी थांबू?" मी त्याला थांबायला सांगितलं होतं. माणूस दोनच पानांत मरणार होता.

आमच्या गावच्या वाचनमंडळाचा दरवर्षी एक पुरस्कार असतो, किशोरांसाठीच्या कादंबरीला. बारा ते सोळा वर्षांची पोरं जे वाचतात, किंवा वाचावं असं त्यांच्या आईबापांना वाटतं, ते साहित्य. आधीचे परीक्षक मुलाकडे नागपूरला राहायला गेले तेव्हा मंडळाच्या सचिवांनी मला विचारलं. मी म्हणालो, "माझी काय लायकी?" ते म्हणाले, "लायकीचं नंतर पाहू. तुमच्यापाशी वेळ हाय." अशी माझी निवड झाली. मी घरी मात्र 'एकमताने' असा शब्द वापरला.

बाहेरच्याला वाटतं, परीक्षक म्हणजे उशाला तक्क्या लावून पुस्तकं वाचणारा सुखी माणूस. प्रत्यक्षात दिवाळी झाली की सुतळीने बांधलेले गठ्ठे येऊ लागतात. घरात जागा नसल्यामुळे मी ते दुकानाच्या गोदामात, कीटकनाशकांच्या शेजारी ठेवतो. त्यामुळे आमच्याकडून मंडळाच्या कपाटात गेलेल्या पुस्तकांना कधी वाळवी लागत नाही. एवढी साहित्यसेवा माझ्या नावावर नक्की आहे.

एका हंगामात इतक्या किशोर कादंबऱ्या वाचल्या की पुढचं आपोआप कळायला लागतं. पहिल्या प्रकरणात आजोबा फार प्रेमळ असले की मी मनाशी समजतो, हे काही परीक्षेपर्यंत टिकत नाहीत. मोबाइल वाईट असतो. कुत्रा चांगला असतो. शहरातलं पोरगं सुट्टीत गावी येतं आणि गावातली माणसं त्याला शहाणपण शिकवतात. असली शहाणी माणसं आमच्या गावात मी हुडकून पाहिली. एक सापडला, तो बदलीवर आलेला होता.

लेखक मंडळी भेटतात, त्यांच्याही तऱ्हा असतात. एकदा इस्त्रीच्या कपड्यातले एक गृहस्थ दुकानात आले आणि म्हणाले, "खत द्या."

"कोणतं?"

"चांगलं असेल ते."

"पीक काय हाय तुमचं?"

ते गडबडले. "कुंड्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर राहतो." मग पोत्यावर हात ठेवून अगदी सहज विचारल्यासारखं करत म्हणाले, "यंदा कादंबऱ्या कशा काय आल्या आहेत?" मी त्यांना कुंड्यांना शेणखत घाला म्हणून सांगितलं. कादंबरीलाही मनातून तेच सुचवलं होतं.

परीक्षक आम्ही तिघं. गभणे मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. त्या 'छान' हा शब्द वापरत नाहीत. फार आवडलं तर 'बरं आहे' म्हणतात. कटरे सर कॉलेजात शिकवतात, त्यांना वेगवान कथा आवडते. आणि तिसरा मी, ज्याला सगळंच आवडतं. हा परीक्षकाचा मोठा दोष समजला जातो. गुण द्यायचे रकाने ठरलेले असतात, भाषा, कथानक, नवेपणा वगैरे. त्यात एक रकाना माझ्या आग्रहामुळे वाढवला गेला. 'मुलांचा प्रतिसाद.' पोरांसाठीचं पुस्तक, मग पोरांना विचारायला नको का? मंडळाच्या सभेत मी यावर भाषण केलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. ज्या खड्ड्यात पुढे मी पडलो तो असा टाळ्यांच्या गजरात खणला गेला.

पोरांना विचारायचं म्हणजे काय, तर दुकान बंद केलं की रात्रीची जेवणं होईपर्यंत घरापुढच्या छपरीत बसून मी पुस्तक मोठ्याने वाचतो. ऐकायला प्राची, माझा मुलगा ओम, आणि जवळच बसून लाखोळीची डाळ निवडणारी माझी बायको मंगला. गोष्ट सांगणं ही आमच्या घरची जुनी खोड आहे. आमचे बाबा एकाच कोल्ह्याची गोष्ट रोज वेगळी सांगायचे. "काल तर तो कोल्हा मेला होता," असं आम्ही म्हटलं की म्हणायचे, "तो दुसरा." ते रक्त माझ्यात आहे. पण मी पुस्तक हातात घेऊन वाचतो, म्हणून मी गोष्ट सांगत नाही, वाचतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत दोन पुस्तकं उरली. एक, 'वाघदरीचं रहस्य'. नागपूरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने लिहिलेलं, चकचकीत मुखपृष्ठ, तीन पोरं, गुहा, खजिना. दुसरं, 'फळीवरची सुट्टी'. लेखिका सरिता, सालेकशाकडच्या एका आश्रमशाळेत शिकवणारी तरुण मुलगी. पहिलंच पुस्तक. कागद असा की या पानावरची अक्षरं त्या पानावर दिसावीत. उन्हाळ्यात बिड्यांसाठी तेंदूपत्ता तोडतात, त्या पानांचे पुडे बांधून जिथे मोजून घेतात त्या जागेला आमच्याकडे फळी म्हणतात. आईबापासोबत पानं तोडण्यात जिची अख्खी सुट्टी जाते अशा एका मुलीची ती गोष्ट.

आमच्या पुरस्काराची एक पद्धत आहे. पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकाच्या प्रती मंडळ तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत पाठवतं, आणि वर्षभर वाचनाच्या तासाला ते पुस्तक मुलांसमोर वाचलं जातं. दुसऱ्या क्रमांकाला शाल आणि नारळ. नागपूरच्या साहेबांचं पुस्तक दुकानांत होतंच. सरिताने आपलं पुस्तक स्वतःच छापलं होतं आणि त्याच्या प्रती शाळेच्या कोठीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी पडून होत्या. आम्ही निवडलं तर ते पोरांच्या हातात जाणार होतं. नाहीतर कोठीत उंदीर होतेच.

मॅडमचं मत 'फळीवरची सुट्टी'ला होतं. "बरं आहे," त्या म्हणाल्या होत्या. कटरे सरांचं 'वाघदरी'ला. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आणि मी काय केलं, तर अर्धा उभा राहून बकरीचा प्रसंग सांगितला.

"बकरी तुमची म्हणजे?" मॅडमनी प्राचीला विचारलं.

"मोठे बाबा वाचून राहिले होते ना, तवा त्यायनंच घातली. ओमले झोप येऊन राहिली होती."

मग मला हळूहळू आठवायला लागलं. 'वाघदरी'तली पोरं गुहेत शिरली आणि घामाघूम झाली, असं मी वाचलं होतं. त्यावर ओम म्हणाला होता, "बाबा, आपण कचारगडच्या गुहेत गेलो होतो तवा तर थंडी वाजून राहिली होती. यायले घाम काऊन येऊन राहिला?" लेखक गुहेत कधी गेलाच नसावा, हे मला तिथेच कळायला हवं होतं. मला कळलं ते एवढंच की श्रोता निसटतो आहे. आणि बाबांचं रक्त उसळलं. गुहेत बकरी शिरली. पोरं उठून बसली. बकरीने नकाशा खाल्ला तेव्हा ओम हसून हसून लोळला. दुसऱ्या दिवशी पोरांनी विचारलं, "बकरी कुठं हाय?" मग ती रोज यायला लागली. शेवटी शेवटी तिच्या गळ्यातल्या घंटीच्या आवाजामागे जाऊन ती तिघं गुहेतून बाहेर पडली, असंही मी वाचलं. म्हणजे तेव्हा मला ते वाचल्यासारखंच वाटलं होतं. रकान्यात मी लिहिलं, 'मुलांचा प्रतिसाद अभूतपूर्व.'

"ठीक आहे," कटरे सर म्हणाले. ते मनाने मोठे, मला वाचवायलाच निघाले होते. "बकरी वगळा. तरी रहस्य आहे, साहस आहे. आणि आपल्या भागातल्या पोरांना तेंदूपत्ता कशाला वाचायला द्यायचा? ते रोज पाहतात."

"रोज पाहतात. पुस्तकात कधी पाहिला आहे त्यांनी?" मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. बकरीशिवाय सांगा."

मी ओमला बोलावलं. तो क्रिकेट सोडून आला होता, म्हणून घाईत होता. "त्या वाघदरीत बकरी नसती तर कसं वाटलं असतं रे?"

"बकरी नाई तर मंग त्याच्यात हाय काय?" एवढं बोलून तो पळाला.

माणूस बुडायला लागला की काडीचा आधार शोधतो, पण आपली चूक सोडत नाही. मी म्हणालो, "तरी पण मॅडम, 'फळी' वाचताना पोरं अगदी गप्प होती. हूं नाही, चूं नाही. एकदाही हसली नाहीत. मी रकान्यात तसं लिहिलंही आहे. त्यात मधेच ती प्रत हरवली, दोन दिवस वाचन बंद. नंतर या प्राचीच्या दप्तरात निघाली. पुरस्काराची पुस्तकं शाळेत न्यायची नाहीत म्हणून मी तिला रागावलोही होतो."

"शाळेत कशाला नेलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"पुढं काय होते ते पाहाले," प्राची म्हणाली. "मोठे बाबा तर रोज थोडंच वाचत. मंग माह्या मैत्रिणीयनं पन मांगलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाईचं पाहणं वेगळंच असतं. मला उगाच बाकावर उभं राहावंसं वाटलं.

तेवढ्यात मंगला चहा घेऊन आली. ती परीक्षकांच्या बैठकीत बोलत नाही, तिच्या मते तिथं बोलण्यासारखं काही नसतं. पण त्या दिवशी बोलली.

"गप्प होते म्हंजे आयकून राहिले होते जी," ती मला म्हणाली. "आन् पोरायचं सोडा, तुमी तरी कुठं बोलले त्या पुस्तकात? एक डाव तरी चष्मा काढला का?"

"चष्म्याचं काय?"

"तुमाले नाई मालूम?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुमच्या मनचं सांगाले लागले का तुमी चष्मा काढून हातात धरता. घरातल्या समद्यायले मालूम हाय. चष्मा नाकावर असला म्हंजे पुस्तकातलं. चष्मा हातात आला म्हंजे तुमचं."

प्राची फिदीफिदी हसायला लागली. "बकरी आली का चष्मा हातातच राहे. परत घालेच ना."

"आन् त्या पोरीच्या पुस्तकाले," मंगला कप ठेवत म्हणाली, "चष्मा नाकावरून हालला नाई. माहा कुकर किती शिट्या देऊन राहिला होता, तुमी उठले नाई, मीबी उठली नाई. दाळ करपली होती त्या दिवशी. विसरले का?"

विसरलो नव्हतो. करपलेलं वरण मी मुकाट्याने जेवलो होतो. फक्त ते कशामुळे करपलं हे मनात आलं नव्हतं. त्या दिवशीचं प्रकरण आठवलं. फळीवरचा माणूस बापाने आणलेल्या पुड्यांतले बरेचसे बाद करून फेकतो. पानं भोकाची आहेत म्हणतो. पानं चांगली असतात, ती मुलीनेच तोडलेली असतात. बाप एक शब्द बोलत नाही. परतीच्या वाटेवर मुलगी विचारते, "बाबा, तुमी बोलले काऊन नाई?" आणि बाप म्हणतो, "उद्या त्याच्याच पुढं जाचं हाय." बस. लेखिका एवढंच लिहून पुढच्या दिवसाकडे जाते. तिथं मला काही घालावंसं वाटलं नव्हतं. बकरी तर नाहीच नाही. ते वाचताना मी घरात होतो की नव्हतो हेही सांगता येणार नाही. आणि ज्या पुस्तकाने मला असं पुसून टाकलं त्याला मी कमी गुण दिले होते. ज्यात माझी बकरी चरत होती त्याला भरघोस.

"सर," मी कटरे सरांना म्हणालो, "माझं मत मी बदलतो."

कटरे सरांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "मी 'फळी' एका बैठकीत वाचलं, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. वेगवान नाही म्हणून गुण कापले होते." मग हसले. "घ्या. यंदाचा निकाल चष्म्यावर लागला असं लिहायचं का अहवालात?"

"काही लिहायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पोहे बरे आहेत."

मंगलाला मिळालेला हा आमच्या पुरस्काराच्या इतिहासातला सर्वोच्च अभिप्राय.

एक काटा मात्र राहिलाच. त्यानंतर मी मंडळाच्या कपाटातून मागच्या काही वर्षांची बक्षीसपात्र पुस्तकं काढून पुन्हा वाचली, मनात, चष्मा लावून. एका पुस्तकातला लंगडा कुत्रा मला जिवापाड आवडला होता. कुत्रा होता, पण चारही पाय धड. दुसऱ्यातली आत्या, जिच्या विनोदांसाठी मी भांडलो होतो, ती तिथे दोनदा चहा आणते आणि निघून जाते. त्या वर्षी दुसरं आलेलं पुस्तक कोणाचं होतं ते मला आठवलं. ते लेखक नंतर पुन्हा कधी पुस्तक पाठवताना दिसले नाहीत. त्यांच्या पुस्तकाच्या प्रती कोणत्या कोठीत पडून आहेत कोण जाणे. अशा वेळी हसू येत नाही.

नागपूरच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं, आमच्याकडे गोष्ट लपत नाही. पण माणूस दिलदार निघाला. "निकालाचं जाऊ द्या हो," ते म्हणाले. "मला एक सांगा, ती बकरी मी पुढच्या आवृत्तीत घेतली तर तुमची हरकत नाही ना?" मी म्हणालो, घ्या, पण गुहेतला घाम काढा.

बक्षीस समारंभाला सरिता सकाळच्या गाडीने आली, शाळेतल्या चार-पाच मुलींना घेऊन. मुली पहिल्या रांगेत मंगलाशेजारी बसल्या. भाषण करायला सरिता उभी राहिली आणि म्हणाली, "मी लिहीत होती तेव्हा या पोरी विचारत, मॅडम, आमचं पण पुस्तकात येते का? मी म्हटलं, लिहून तर पाहू." एवढंच बोलून ती खाली बसली. मुलींनी अशा टाळ्या वाजवल्या की मंडपातली कबुतरं उडाली.

त्यानंतर परीक्षकांच्या वतीने माझं भाषण. घरून ठरवून गेलो होतो की थोडक्यात बोलायचं आणि कागदावरचंच बोलायचं. पण समोर माणसं दिसली. बाबांचं रक्त. मी म्हणालो की चांगलं पुस्तक लपत नाही. म्हणालो की परीक्षकाचा कान तयार असावा लागतो. आणि म्हणालो, "खरं सांगायचं तर पहिलं पान वाचलं तेव्हाच मी ओळखलं होतं, यंदाचं बक्षीस याच पुस्तकाचं!" टाळ्या पडल्या. गभणे मॅडम छताकडे पाहत होत्या.

परत निघालो तेव्हा मंगला गाडीवर मागे बसली होती. सरिताच्या मुलींनी तिला कसल्या तरी बिया दिल्या होत्या, त्या तिने पदराच्या टोकाला बांधल्या होत्या. रेल्वे फाटक बंद होतं. मी गाडी बंद केली. मालगाडी काही संपेना. भाषण कसं झालं हे ती आपणहून सांगेल म्हणून मी वाट पाहिली. मग राहवलं नाही.

"बरं झालं ना भाषण?"

"झालं," ती म्हणाली. शेवटचा डबा गेला, फाटक वर व्हायला लागलं. "पन एक विचारू का जी? पहिल्या पानालेच वळखलं म्हनत होते तुमी, तवा चष्मा काऊन काढला होता?"